गळ्यात घातलेलं नाणं

कोलशेत म्हटलं की आता घोडबंदर रोडच्या बाजूने उगवलेले टॉवर डोळ्यांपुढे येतात. त्याआधीच्या पिढीला ते सँडोझच्या कारखान्यामुळे आणि वायुदलाच्या तळामुळे माहीत होतं. मात्र खाडीच्या अंगाला जुनं गावठाण आगरी-कोळ्यांचं आहे. या समाजात बाईच्या अंगावरचं सोनं मिरवण्यासाठी असतं, तसंच अडीनडीला मोडण्यासाठीही. अशा घरातला पुतळ्यांचा हार सराफाच्या काट्यावर चढला, तर त्याचा भाव तोळ्यावर ठरतो. हाच हार जुन्या नाण्यांच्या संग्राहकापुढे ठेवला, तर तो वजन विचारायच्या आधी भिंग काढतो आणि एकेक पुतळी उलटीपालटी करून पाहतो.

त्याला शोधायचं असतं ते व्हेनिसचं नाणं. 1284 साली व्हेनिसच्या टांकसाळीत डुकाट हे सोन्याचं नाणं पडायला लागलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला निवडून आलेला प्रमुख, आणि दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात उभा येशू. पाचशे वर्षं या चित्रात आणि सोन्याच्या कसात फारसा फरक पडला नाही, त्यामुळे परक्या मुलखातही ते डोळे झाकून घेतलं जाई. मसाले आणि कापडाच्या बदल्यात तांबड्या समुद्राच्या वाटेने, मोखा आणि जेद्दाहून ते सुरतेला आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. पेशवाईच्या हिशेबांत होन आणि मोहरांच्या जोडीला पुतळ्या येतात त्या याच. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं, पण आपल्याकडच्या सोनारांनी पुतळी काही थांबवली नाही. त्यांनी स्वतःचे ठसे कोरले. त्यांत लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबं आली. संत आणि डोज या दोन मानवाकृतींपलीकडे काही ओळखू येईनासं झालं, आणि घेणाऱ्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

अस्सल डुकाटवर साल नसतं. ते कोणत्या काळातलं, हे फक्त डोजच्या नावावरून कळतं, आणि ते नाव नाण्याच्या कडेकडेने, डोजच्या पाठीमागून खाली उतरत जातं. हारात ओवायचं म्हणून सोनाराने वर कडी झाळली, शेजारच्या पुतळीशी नीट बसावी म्हणून कडेवरून कानस फिरवली, पुढे तीनचार पिढ्या त्या पुतळ्या एकमेकींवर घासत राहिल्या, की पहिला घाला पडतो तो या नावावर. सोनं गुंजभरही गेलेलं नसतं. पण सतराव्या शतकातल्या एखाद्या दुर्मीळ डोजचं नाणं आणि शेवटचा डोज लुडोव्हिको मानिनचं नाणं यांतला फरक सांगणारी अक्षरं पुसली, तर संग्राहकाला उरतं फक्त सोनं.

राणीछाप रुपयाची गोष्ट याहून बारीक आहे. बंद्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे प्रत्येक रुपयात जवळपास 10.7 ग्रॅम चांदी. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बायकांच्या माळांत आणि बंजारा बायकांच्या पेहरावावर असे रुपये भोक पाडून किंवा कडी लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. व्हिक्टोरियाचा 1862 सालचा रुपया साधाच, ढिगाने मिळणारा. मात्र हे साल नाण्यांवर पुढची दहाबारा वर्षं तसंच छापलं जात राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष ओळखू यावं म्हणून सालाच्या खाली आणि वरच्या फुलाच्या खाली बारीक टिंबं द्यायला सुरुवात केली. आज संग्राहक ही टिंबं मोजतात. काही जुळण्या सहज सापडतात, काहींसाठी वर्षानुवर्षं बाजार धुंडाळावा लागतो. भोक नाण्याच्या वरच्या कडेलाच पाडायची रीत, आणि वरचं टिंब नेमकं त्याच बाजूला! ज्या सोनाराने भोक पाडलं, त्याला टिंबाचं काय? त्याला नाणं सरळ लटकायला हवं होतं.

साध्या नाण्याला भोक पडलं तर नुकसान किरकोळ, कारण त्याचा भाव तसाही चांदीच्या आसपासच. नाणं जेवढं दुर्मीळ, तेवढा खड्डा मोठा. 1939 सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया हे त्याचं ठसठशीत उदाहरण. त्यानंतर 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. 1939 चे रुपये फारच थोडे वाचलेत, म्हणून धड नाण्याला मोठी किंमत येते. त्याच्यावर कडीचा डाग दिसला की किंमत कोसळते, आणि खोट्या 1939 च्या रुपयांचा सुळसुळाट असल्यामुळे डाग लागलेल्या नाण्याकडे गिऱ्हाईक आणखीच संशयाने पाहतं. परदेशातल्या एनजीसी किंवा पीसीजीएससारख्या प्रतवारी करणाऱ्या संस्था तर अशा नाण्याला नेहमीचा आकडा देतच नाहीत. नाणं अस्सल आहे एवढं सांगतात आणि पुढे दागिन्यातून काढल्याची नोंद चिकटवतात. बाजार ती नोंद वाचूनच हात आखडतो.

खोड लपवायला जावं, तर ती आणखी उठून दिसते. भोक बुजवून वर अक्षर कोरलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं. बुजवलेल्या धातूचा रंग जरा वेगळा असतो, कडेवरचे कंगोरे त्या जागी तुटलेले असतात, आणि झाळ उन्हात वेगळी चमकते. त्यावर घरच्या चिंचेच्या कोळाने नाहीतर रिठ्याने घासून उजळलेली नाणी! दागिना म्हणून ती सुंदर दिसतात. संग्राहकाला मात्र त्यावरचे केसाएवढे ओरखडे दिसतात. 1918 मध्ये मुंबईत रॉयल मिंटची शाखा थोडा काळ चालली. तिथे पडलेल्या गिन्नीवर घोड्याखालच्या जमिनीच्या रेषेवर इवलासा इंग्रजी ‘आय’ आहे. लॉकेटमध्ये बसवलेल्या गिन्नीचं ते अक्षर बहुतेक शाबूत राहतं, पण चौकटीच्या दात्यांनी कडा ओरबाडलेली असते.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया आठवावा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, तेव्हा सरकारने बाजारात गेलेले मागे घेऊन बरेचसे वितळवले. वितळवण्यातून जे सुटले त्यांतले काही दागिन्यांतच अडकलेले असणार, म्हणजे भोक पडलं म्हणून वाचले, असंही म्हणता येईल. आणि नाणं दागिन्यात घालायची हौस आजची नाहीच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे रोमन नाण्यांची मातीत केलेली पदकं सापडली आहेत. सम्राट टायबेरियसच्या नाण्याची नक्कल करून, वर ओवायला भोक ठेवलेली. सोन्याचं नाणं परवडत नसेल, तर मातीचं गळ्यात घालावं!

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेकाच्या काळातला सोन्याचा होन मात्र या सगळ्या हिशेबापलीकडचा. खात्रीचे होन इतके थोडे आहेत, की एखाद्यावर कडीची खूण असली तरी कोणतंही वस्तुसंग्रहालय त्याला दारातून परत पाठवणार नाही.

आणि घरच्या हाराचं काय? कोलशेतच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या घरात पुतळ्यांचा हार मोडायचा विषय निघाला, तर पहिलं काम कडी काढायचं नाही. कडी उपटली की नाण्यावर नवी जखम होते आणि हारही जातो. अस्सल डुकाटांभोवती सोनाराने घडवलेला अख्खा हार दागिना म्हणून विकला जातो. शंभर वर्षांवरचा असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे तो परदेशी नेता येत नाही, म्हणून त्याचं गिऱ्हाईक इथेच शोधायचं. त्याआधी जाणकाराकडून भिंगाखाली एकेक पुतळी वाचून घ्यावी. डोजचं नाव शाबूत असलेली दोनचार निघाली, तर त्यांचा भाव वेगळा सांगायचा. उरलेल्यांचा सराफ तोळ्यावर करेलच.