देवळाली ते मोहगाव : पालकांच्या हक्काची वाटचाल

वर्धा नदीकाठचे आमचे घुग्घुस हे कोळशावर आणि सिमेंटवर वाढलेले गाव. खाणीच्या कामासाठी दूरदूरहून आलेल्या कुटुंबांनी आपापल्या भाषाही बरोबर आणल्या. एकाच वसाहतीत मराठी, तेलुगू आणि हिंदी कानी पडते. पुढच्या जंगलपट्ट्यात गोंडी आणि माडिया. मूल शाळेत घालायच्या वयाचे झाले, की घराघरांत एकच खल चालतो : शाळा कोणती, माध्यम कोणते? हा निर्णय आपलाच, असे आईवडील गृहीत धरतात. परंतु आपल्या संविधानात तो त्यांचा हक्क म्हणून लिहिला आहे काय? या प्रश्नामागे आपल्याच राज्यात घडलेला एक इतिहास आहे.

नाशिकजवळच्या देवळालीत बॉम्बे एज्युकेशन सोसायटी ही संस्था इंग्रजी माध्यमाची बार्न्स शाळा चालवीत असे. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई सरकारने हुकूम काढला, की अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाचे नागरिक यांच्या मुलांखेरीज कोणालाही इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. या हुकुमामुळे दोन पालकांना नकार मिळाला. एक सैन्यातील भारतीय ख्रिस्ती अधिकारी, दुसरे गुजराती हिंदू डॉक्टर. संस्थेबरोबर त्या दोघांनीही न्यायालयाचे दार ठोठावले. १५ फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने आणि २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. राष्ट्रभाषेचा प्रसार हा सरकारचा हेतू होता. पण हेतू स्तुत्य असला तरी केवळ भाषेच्या कारणावरून अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, असे न्यायालयाने बजावले.

पालक जिंकले खरे; मात्र ते पालक म्हणून जिंकले नाहीत. ज्या कलम २९(२) च्या आधारे निकाल लागला, ते नागरिकाला प्रवेशाचा हक्क देते. त्यात आईबापांचा उल्लेख नाही. संविधानाच्या मूळ शिक्षणविषयक हक्कांत पालक भेटतो तो कलम २८(३) मध्ये : अज्ञान मुलाला शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास पालकाची संमती हवी. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. कर्तव्य नावानिशी लिहिले गेले, हक्क मात्र अनुच्चारितच राहिला.

जगात तो उच्चारला गेला होता. आपली संविधान सभा काम करीत असतानाच, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मुलांना कोणत्या प्रकारचे शिक्षण द्यावे हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा, असे त्याच्या २६ व्या कलमात म्हटले आहे. तो घडविणाऱ्या आयोगावर भारताच्या वतीने हंसाबेन मेहता होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही १९६५ साली, ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात, आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक असे सांगितले. पालकांचे शाळानिवडीचे स्वातंत्र्य मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला.

६ मे २०१४ रोजी कर्नाटकातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य मुलाला, आणि त्याच्या वतीने पालकाला, असल्याचे सांगितले. पण तेही भाषणस्वातंत्र्याच्या कलमातून काढलेले अनुमान होते. दरम्यान आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा उघडली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरविली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. देवळालीच्या पालकांना इंग्रजी हवी होती, मोहगावच्या पालकांना गोंडी. भाषा वेगळ्या, तरी मागणी एकच : लेकराचे शिक्षण ठरविताना आमचाही शब्द असावा.

अर्थात, मूल ही आईबापांची मालमत्ता नव्हे. बालविवाह किंवा बालमजुरी कोणी पालकत्वाच्या नावाखाली झाकू लागला, तर शासनाने आड यावेच. म्हणूनच नव्या कलमात पालकांच्या हक्काबरोबर बालकाच्या हिताची मर्यादाही स्पष्ट लिहिलेली असावी. आजवर पालकांना न्याय मिळाला तो कधी शाळेच्या, कधी अल्पसंख्याकांच्या, तर कधी मुलाच्या हक्काच्या आडोशाने. खटला लढण्याची ऐपत नसलेल्या खाणकामगाराला वा जंगलातल्या गोंड मातेला हा आडोसा पुरणारा नाही.

वाचक बंधुभगिनींनो, घटनादुरुस्ती संसदेच्या हाती आहे आणि संसदेत आपण निवडून दिलेले खासदार बसतात. मते मागायला ते दारी येतात, तेव्हा रस्ता आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवू या : संविधानात आमचे कर्तव्य लिहिलेत, त्याच्या शेजारी आमचा हक्कही लिहाल काय?