ज्यूरा प्रदेशातील पांढरी द्राक्षमद्ये

पूर्व फ्रान्समधील ज्यूरा या द्राक्षोत्पादक प्रदेशात तयार होणारी, वैशिष्ट्यपूर्ण स्वाद व दीर्घकाळ टिकण्याचा गुण यांबद्दल ख्यात असलेली मद्ये. बर्गंडी व स्वित्झर्लंड यांच्या दरम्यान, ज्यूरा पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी सुमारे ८० किमी. लांबीच्या अरुंद पट्ट्यात येथील द्राक्षमळे विखुरलेले आहेत. द्राक्षांखालील क्षेत्र सु. २,००० हेक्टर एवढेच असून बॉर्दो, बर्गंडी, शँपेन यांच्या तुलनेने हा प्रदेश दीर्घकाळ अपरिचित राहिला. तथापि मद्यनिर्मितीचे शास्त्र आणि मद्यविषयक कायदा या दोहोंच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. आर्ब्वा, शातो-शालाँ व लेत्वाल ही येथील प्रमुख उत्पादनकेंद्रे होत.

भूमी व द्राक्षजाती : मळे सामान्यतः समुद्रसपाटीपासून २५० ते ४०० मी. उंचीवरील उतारांवर आहेत. जमीन मुख्यत्वे करड्या-निळसर चुनामिश्रित चिकणमातीची असून तिच्यावर चुनखडकाचे कडे आहेत. हिवाळा कडक व पाऊस भरपूर असल्याने उताराची दिशा आणि पाण्याचा निचरा यांना फार महत्त्व आहे. पांढऱ्या मद्यासाठी शार्दोने व सावान्यँ या दोन जातींची लागवड होते. शार्दोनेचे क्षेत्र अधिक असले, तरी प्रदेशाची खरी ओळख सावान्यँमुळे आहे. ही जात जर्मनभाषक प्रदेशांतील ट्रामिनरशी एकरूप असल्याचे आनुवंशिक परीक्षणांवरून सिद्ध झाले आहे. तिची फळे लहान, जाड सालीची व आम्लधर्मी असून ती उशिरा पक्व होतात.

पीतमद्य : सावान्यँपासून बनविण्यात येणारे ‘व्हँ झोन’ (शब्दशः पिवळे मद्य) हे ज्यूराचे सर्वांत प्रसिद्ध उत्पादन होय. इतरत्र पिपातील मद्य बाष्पीभवनाने कमी झाले की, पीप पुन्हा काठोकाठ भरतात. कारण हवेच्या संपर्काने मद्य बिघडते. येथे मात्र पीप मुद्दाम भरले जात नाही. मोकळ्या राहिलेल्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो. तो हवेतील ऑक्सिजन स्वतः वापरतो व मद्याला अतिरिक्त ऑक्सिडीकरणापासून वाचवितो. त्याच्या क्रियेमुळे अक्रोड, सुकी फळे व मसाल्याचे पदार्थ यांची आठवण करून देणारा स्वाद येतो. त्याचे श्रेय प्रामुख्याने सोटोलॉन या संयुगाला दिले जाते. स्पेनमधील शेरीच्या काही प्रकारांतही असाच पापुद्रा धरतो. परंतु शेरीत वरून मद्यार्क मिसळतात, पीतमद्यात मिसळत नाहीत.

नियमानुसार हे मद्य हंगामानंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत ओकच्या पिपांत ठेवावे लागते आणि त्यांपैकी किमान ६० महिने ते पापुद्र्याखाली असावे लागते. या अवधीत एक लिटरमधील सु. ६२ सेंटिलिटर एवढेच मद्य उरते, असे परंपरेने मानतात व त्यास अनुसरून ते ‘क्लाव्हलँ’ नावाच्या ६२ सेंटिलिटरच्या बसक्या बाटलीत भरतात. पापुद्रा नीट धरला नाही, तर मद्याचा शिर्का होण्याचा धोका असतो. त्यामुळे प्रत्येक पिपाची वारंवार तपासणी करावी लागते आणि उत्पादकाचे भांडवल सहा वर्षांहून अधिक काळ गुंतून पडते. योग्य तऱ्हेने तयार झालेले पीतमद्य शतकाहूनही अधिक काळ टिकते. १७७४ च्या हंगामातील एका बाटलीला २०१८ साली लाँस-ल-सोनिए येथील लिलावात एक लाखाहून अधिक युरो मिळाले.

पाश्चर यांचे संशोधन : फ्रेंच शास्त्रज्ञ लूई पाश्चर यांचे बालपण आर्ब्वा येथे गेले. १८६३ मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याने मद्य बिघडण्याच्या कारणांचा शोध घेण्याची कामगिरी त्यांच्यावर सोपविली. आर्ब्वा येथे केलेल्या प्रयोगांतून हे बिघाड सूक्ष्मजीवांमुळे होतात, असे त्यांनी दाखविले. मद्यावर धरणारा निरुपद्रवी यीस्टचा पापुद्रा आणि शिर्का बनविणाऱ्या सूक्ष्मजीवांचा थर यांतील भेदही त्यांनी स्पष्ट केला. मद्य अल्पकाळ तापवून ते टिकविण्याची पद्धत, म्हणजेच पाश्चरीकरण, याच संशोधनाचे फलित होय. त्यांचा मद्यविषयक ग्रंथ १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७८ मध्ये आर्ब्वानजीकच्या आपल्या मळ्यातील काही वेली त्यांनी फळे पक्व होण्यापूर्वीच काचगृहात बंदिस्त केल्या. या वेलींच्या द्राक्षांचा रस आपोआप आंबला नाही. किण्वनास कारणीभूत होणारे यीस्ट फळाच्या आत उत्पन्न होत नसून बाहेरून येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

ऱ्हास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे सु. २०,००० हेक्टरांवर द्राक्षे होती. शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत फिलॉक्झेरा या मुळांवरील कीटकाने व केवडा रोगाने मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून लागवड पुन्हा सुरू झाली. पण लोहमार्गाने येणाऱ्या दक्षिण फ्रान्समधील स्वस्त मद्याशी स्पर्धा करणे कठीण होते. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानी व ग्रामीण भागातील स्थलांतर यांमुळे अनेक उतार ओस पडले, तर काही ठिकाणी दुग्धव्यवसाय वाढला. या संकटातून मार्ग काढण्यासाठी आर्ब्वाच्या उत्पादकांनी १९०६ मध्ये सहकारी मद्यनिर्मिती संस्था स्थापन केली.

कायदेशीर संरक्षण : प्रसिद्ध नावाखाली हलके मद्य विकण्यास आळा घालण्यासाठी फ्रान्सने १९३५ मध्ये नियंत्रित मूलस्थाननामाची पद्धत सुरू केली. मे १९३६ मध्ये ज्या मद्यांना हे संरक्षण प्रथम मिळाले, त्यांत आर्ब्वाचा समावेश होता. त्याच महिन्यात शातो-शालाँ, तर पुढील वर्षी लेत्वाल व कोत द्यु ज्यूरा ही नामे मान्य झाली. शातो-शालाँ या नावाने फक्त पीतमद्यच विकता येते. तेथे हंगामापूर्वी मळ्यांची पाहणी होते. द्राक्षे पुरेशी पक्व नसल्याने १९७४, १९८०, १९८४ व २००१ या वर्षी उत्पादकांनी हे नाव वापरण्याचा हक्क सोडून दिला. सहा वर्षांनी मिळणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडून नावाची पत राखण्याचे हे उदाहरण उल्लेखनीय आहे.

पुनरुज्जीवन : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या प्रदेशाकडे बाहेरच्या रसिकांचे लक्ष वेधले गेले. नव्या पीतमद्याच्या स्वागताचा वार्षिक उत्सव १९९७ मध्ये सुरू झाला. पीप काठोकाठ भरलेले ठेवून, पापुद्रा धरू न देता केलेली शार्दोने व सावान्यँची ताजी, खनिजस्वादी मद्येही लोकप्रिय झाली. प्यूपियाँ येथील प्येर ओव्हेर्नोआ यांनी गंधकाचा वापर न करता केलेल्या मद्यांमुळे ‘नैसर्गिक’ मद्याच्या चळवळीत ज्यूराचे नाव अग्रभागी आले. मात्र वाढत्या मागणीला पुरवठा अपुरा पडतो. वेलींना लवकर पालवी फुटू लागल्याने वसंतातील दहिवराचा धोकाही वाढला असून एप्रिल २०२१ मधील दहिवराने येथील पिकाचे अतोनात नुकसान केले. सहा वर्षे मुरणाऱ्या पीतमद्याच्या बाबतीत अशा एका रात्रीचा परिणाम बाजारात पुढील दशकापर्यंत जाणवतो.