प्रवाळांनी ठेवलेली नोंदवही

सरकारी नोकरीत नोंदीला फार महत्त्व असते. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे आमच्याकडे मानले जाते. परंतु नोंद होती, ती नीट जपलेलीही होती, आणि तरीही ऐन वेळी कोणाच्या उपयोगी पडली नाही, असेही घडते. अशाच एका नोंदीचा हा इतिहास आहे.

त्याची सुरुवात अंदमानात नव्हे, कच्छमध्ये होते. १६ जून १८१९ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. सिंदरीचा किल्ला व आसपासचा प्रदेश खचून पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेला जमिनीचा लांबलचक उंचवटा वर आला. माणसाने न बांधलेला हा बांध, म्हणून लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ असे नाव दिले. जमीन वर-खाली होते याचा असा ढळढळीत पुरावा मिळाल्यावर प्रश्न उरला तो हा, की ती हळूहळूही सरकत असते काय? हे पाहण्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाने १८७० च्या दशकात कच्छच्या आखातात भरतीमापक यंत्रे बसविली. हे काम ए. डब्ल्यू. बेयर्ड या अधिकाऱ्याकडे होते. यंत्र साधेच. समुद्राशी जोडलेल्या विहिरीत एक तरंगता गोळा, त्याला जोडलेली लेखणी, आणि घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेला कागद. पुढे बंदरांच्या सोयीसाठी अशी यंत्रे देशाच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी उभी राहिली.

३१ डिसेंबर १८८१ रोजी सकाळी कार निकोबारजवळ भूकंप झाला. त्याने उठविलेली लाट बंगालच्या उपसागराभोवतीच्या आठ भरतीमापकांनी मुकाट्याने कागदावर उतरविली. पोर्ट ब्लेअर, नागपट्टणम, मद्रास अशी ती ठाणी. सर्वांत उंच लाट सुमारे ०.८ मीटरची होती. भूगर्भशास्त्रज्ञ आर. डी. ओल्डहॅम यांनी या भूकंपावर टिपण लिहिले. किनाऱ्यावर मोठी हानी झाली नव्हती, त्यामुळे प्रशासनाच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. आमच्याकडे फाईल उघडते ती नुकसान झाल्यावर.

तब्बल १२० वर्षांनी मोदेस्तो ऑर्तीझ व रॉजर बिलहॅम या संशोधकांनी हेच जुने आलेख घेऊन गणित मांडले आणि भूकंपाची तीव्रता सुमारे ७.९ असल्याचे दाखविले. त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास, सुमात्रापासून अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा भ्रंश फाटला. तमिळनाडूच्या किनाऱ्याला लाट पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात हजारो लोकांना किनाऱ्यावरून हलविणे अशक्य नव्हते. भरतीमापके त्या दिवशीही चालू होती, परंतु ती नंतर वाचण्यासाठी नोंद करीत होती. किनाऱ्याला हाक देणारी व्यवस्था हिंदी महासागरात नव्हतीच. एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक माणसे गेली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की १८८१ च्या नोंदीवरून एवढ्या प्रचंड भूकंपाचे भाकीत कोणालाही करता आले नसते. परंतु या उपसागरात भूकंपाने लाट उठते आणि ती नागपट्टणमला पोहोचते, एवढे तर त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते.

यानंतर शास्त्रज्ञांनी वाचली ती निसर्गाची स्वतःची नोंदवही. प्रवाळ समुद्राच्या सर्वांत खालच्या ओहोटीच्या रेषेपर्यंतच वाढतो. त्यावर डोके काढले तर तो भाग मरतो. त्यामुळे जमीन उचलली गेली तर प्रवाळाचा माथा उघडा पडून पांढरा होतो, आणि खचली तर त्याला पुन्हा वर वाढायला जागा मिळते. काही प्रवाळांत झाडासारखी वार्षिक वलये असतात, त्यांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे चढउतारही मोजता येतात. २००४ नंतर उपग्रहचित्रांत उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा, इंटरव्ह्यू बेट व उत्तर सेंटिनेल बेट येथील प्रवाळ एक ते दोन मीटर उचलले गेलेले दिसले. उलट पोर्ट ब्लेअर सुमारे एक मीटर खचले, आणि ग्रेट निकोबारच्या टोकावरील इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ चार मीटरहून अधिक खाली जाऊन पाण्यात उभा राहिला. भारतीय भूपट्ट पूर्वेकडील भूपट्टाखाली सरकतो. अडकलेला सांधा सुटताच वरच्या भूपट्टाची समुद्राकडील कडा उसळते आणि मागची बाजू बसते, असा याचा अर्थ.

मी २००६ साली कामानिमित्त पोर्ट ब्लेअरला (आताचे श्री विजय पुरम) गेलो होतो. मराठी माणूस तेथे जातो तो सेल्युलर जेल पाहण्यासाठी, आणि मीही ते दर्शन घेतले. पण मनात राहिली ती सिप्पीघाटची भातखाचरे. भरतीला त्यांत समुद्राचे पाणी उभे राहत होते. त्याच सुमारास एका धक्क्याच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक माझ्या पाहण्यात आले. त्यात पाण्याची पातळी भूकंपापूर्वीची धरलेली होती. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “साहेब, मंजूर नकाशात हीच पातळी आहे.” जमीन खचली होती, नकाशा मात्र जागचा हलला नव्हता. मी तो कागद परत पाठविला, पण त्या उत्तराने आजही मी अस्वस्थ होतो, कारण त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच उत्तर दिले असते.

२००७ साली हैदराबादला त्सुनामीची पूर्वसूचना देणारे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले, आणि ते उत्तम काम करीत आहे. परंतु यंत्रणा सूचना देते, स्मरण देत नाही. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली अशीच लाट आली होती. “जमीन हलली आणि समुद्र मागे गेला तर डोंगरावर पळा” हे तेथील आजी-आजोबांनी नातवंडांना सांगत ठेवले. २००४ मध्ये त्या बेटावरील मृतांची संख्या एक आकडी राहिली. आमच्याकडे १८८१ ची नोंद कागदावर होती, त्यांच्याकडे १९०७ ची नोंद तोंडी होती. वाचविले ते तोंडी नोंदीने.

पश्चिम किनाऱ्याने निश्चिंत राहावे असेही नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती आणि तेथेही माणसे वाहून गेली होती. आज मुंबईत हे किती जणांना ठाऊक आहे? आणि ग्रेट निकोबारला गॅलाथिया उपसागरात मोठे बंदर उभारण्याच्या प्रकल्पाला २०२२ साली पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली आहे. त्या बंदराच्या गुणदोषांची चर्चा येथे करीत नाही. माझी अपेक्षा एवढीच, की किनाऱ्यावरील प्रत्येक नकाशावर पातळी कोणत्या वर्षी मोजली ते ठळक लिहावे, आणि नव्या जिल्हाधिकाऱ्याला कार्यभार देताना त्याच्या जिल्ह्याच्या समुद्राचा इतिहासही सोपवावा. कपाटाच्या किल्ल्या आपण न चुकता सोपवतोच.