निजामशाहीचा राजपंथ

अहमदनगरच्या निजामशाही राज्याने (१४९०–१६३६) राज्याचा अधिकृत पंथ म्हणून स्वीकारलेला इस्लामी संप्रदाय आणि त्याभोवती घडलेले राजकारण. सुमारे दीडशे वर्षांत हा पंथ तीनदा बदलला. आरंभी तो सुन्नी होता. १५३७ मध्ये बुऱ्हान निजामशाह (पहिला) याने बारा इमामांना मानणारा शिया पंथ जाहीर केला. १५८९ ते १५९१ या काळात महदवी पंथाला राजाश्रय मिळाला आणि त्यानंतर पुन्हा शिया पंथ आला. प्रत्येक बदलामागे धर्मशास्त्राची चर्चा झाली, पण प्रत्येक वेळी खरा प्रश्न होता तो दरबारात कोणाची माणसे राहणार आणि संकटात बाहेरून कोण धावून येणार, हा.

राज्याचा संस्थापक मलिक अहमद हा बहमनी वजीर मलिक हसन याचा मुलगा. मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला, लहानपणी विजयनगरविरुद्धच्या मोहिमेत पकडला जाऊन मुसलमान झालेला, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. १४९० मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव करून अहमद स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये त्याने सीना नदीकाठी नवे शहर वसवायला घेतले. स्वातंत्र्याची खूण म्हणजे जुम्याच्या नमाजातला खुत्बा. त्या प्रवचनात ज्याचे नाव घेतले जाई तो त्या भूमीचा धनी मानला जाई. अहमदने बहमनी सुलतानाचे नाव काढून स्वतःचे घातले आणि डोक्यावर पांढरे छत्र धरले, तेव्हा त्याचेच सरदार बिथरले. त्याने नाव मागे घेतले. छत्राबद्दल मात्र सांगितले की ते केवळ उन्हासाठी आहे. सरदार म्हणाले, तसे असेल तर सर्वांनाच वापरू द्या. अहमदने परवानगी दिली आणि आपले छत्र ओळखू यावे म्हणून त्यावर तांबडा कपडा लावला. थोड्याच काळात खुत्बाही त्याच्या नावाने सुरू झाला. या कथेतला विनोद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते : मशिदीत कोणाचे नाव घ्यायचे, हा निर्णय या राज्यात पहिल्या दिवसापासून सरदारांशी घासाघीस करूनच होत असे.

शिया पंथ नगरला आणणारा शाह ताहिर हुसैनी हा विद्वान इराणातला. काशानमध्ये तो अध्यापन करीत असे. सफवी शाह इस्माईलची मर्जी फिरल्यावर तो १५२० च्या सुमारास जीव वाचवून समुद्रमार्गे गोव्यास उतरला. विजापूरच्या दरबारात त्या वेळी तलवारबहाद्दरांना भाव होता, पंडितांना नव्हता. म्हणून तो परांड्याला गेला. तेथे निजामशाहीचा वकील म्हणून आलेला मुल्ला पीर महंमद शिरवानी त्याच्याकडे टॉलेमीचा खगोलग्रंथ शिकू लागला आणि गुरूच्या व्यासंगाने इतका भारावला की नगरला परतल्यावर त्याने बुऱ्हानकडे त्याची शिफारस केली. १५२२ मध्ये शाह ताहिर नगरला आला. किल्ल्यातल्या त्याच्या पाठांना सुलतान स्वतः बसू लागला. पुढे गुजरातच्या बहादुरशाहाशी आणि विजापूरशी होणारी बोलणीही त्याच्याकडेच आली. शाह ताहिर उघडपणे बारा इमामांचा अनुयायी होता; परंतु इस्माइली पंथाच्या निजारी शाखेतील मुहंमदशाही परंपरा त्याला आपला एकतिसावा इमाम मानते. आधुनिक अभ्यासकांच्या मते त्याने स्वतःचा पंथ झाकून ठेवला होता. म्हणजे ज्याने नगरला शिया केले, त्याच्या मनातला पंथ बहुधा तिसराच होता.

पंथबदलाची दरबारी हकिकत अशी : राजपुत्र अब्दुल कादिर आजारी पडला. शाह ताहिरने सुलतानाकडून नवस बोलून घेतला की मुलगा वाचला तर बारा इमामांच्या नावाने खुत्बा पढेन. रात्री सुलतानाला पैगंबरांचे स्वप्न पडले आणि मुलाचा ताप उतरला. त्यानंतर चारही सुन्नी शास्त्रशाखांच्या पंडितांचा वाद भरवण्यात आला. त्यांचे आपापसांत जमेना, तेव्हा शाह ताहिरने आपला पक्ष मांडला आणि बुऱ्हानने तो जाहीरपणे स्वीकारला. ज्या पीर महंमदाने गुरूला नगरला आणले होते, तोच आता हजारो लोक जमवून किल्ल्याला वेढा घालून बसला. बुऱ्हान बाहेर पडला, जमाव पांगला, पीर महंमद कैदेत गेला आणि काही वर्षांनी शाह ताहिरच्याच रदबदलीने सुटला. ही हकिकत आपल्याला फिरिश्ता आणि सय्यद अली तबातबा यांच्या तवारिखांतून मिळते. दोघेही इराणातून आलेले, दोघेही निजामशाहांच्या पदरी राहिलेले. स्वप्न आणि ताप यांची कथा त्या हिशेबानेच घ्यावी. सुन्नी बाजूने लिहिलेली तितकीच तपशीलवार दरबारी हकिकत उपलब्ध नाही.

बदल ठळकपणे दिसला तो राजचिन्हांत आणि खर्चात. खुत्ब्यात पहिल्या तीन खलिफांच्या जागी इमामांची नावे आली. छत्र आणि निशाणे हिरवी झाली. त्या खलिफांचा जाहीर धिक्कार करणाऱ्यांना तनखे मिळू लागले. किल्ल्यासमोर बारा इमामांच्या नावाने लंगर उभारून त्याला गावे लावून देण्यात आली. आजचा नगरचा बाराइमाम कोठला याच परंपरेतला. विजापुरात १५३४ मध्ये इब्राहिम आदिलशाहाने नेमकी उलटी वाट धरली होती : शिया खुत्बा बंद, परदेशी शिपायांना रजा आणि हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत. तिथून निघालेल्या परदेश्यांपैकी अनेकांना बुऱ्हानने चाकरीस घेतले. लहान राज्याला कसलेली माणसे आयती मिळाली. त्याबरोबर दरबारातली दखनी विरुद्ध आफाकी ही जुनी तेढही धार्मिक झाली. इराणकडून आलेल्यांना आफाकी म्हणत, दख्खनमध्ये आधीपासून रुजलेल्यांना दखनी. ते बहुतांशी शिया होते, तर दखनी आणि आफ्रिकी वंशाचे हबशी बहुतांशी सुन्नी. आता एखाद्याला पदावरून काढायचे तर त्याला पाखंडी ठरवण्याची सोय दोन्ही बाजूंना झाली. निजामशाहीच्या पुढच्या दुखण्याचे मूळ माझ्या मते येथे आहे.

प्रजेचा पंथ बदलण्याचा प्रयत्न मात्र झाला नाही. इराणात सफवींनी १५०१ नंतर अवघा देश सक्तीने शिया केला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये चर्च आपल्या हुकमाखाली घेतले. त्याच दशकात बुऱ्हानने पंथ बदलला, पण ज्या मुलखात बहुसंख्य रयत मुसलमानच नव्हती, तिथे तसे काही करणे त्याला शक्य नव्हते, आणि त्याला त्याची गरजही वाटली नसावी. कँवरसेन हा ब्राह्मण त्याचा पेशवा होता. पाथरी जिंकल्यावर त्याने ती आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली, असेही फिरिश्ता नोंदवतो. शरियतीच्या दोन शाखांमधला फरक कागदावर मोठा होता. हनफी शास्त्रानुसार एकुलत्या मुलीला बापाच्या मालमत्तेचा अर्धा वाटा आणि उरलेले चुलत्याकडे. शियांच्या जाफरी शास्त्रानुसार चुलता बाद आणि सगळे मुलीला. पण नगर, जुन्नर, संगमनेरच्या गावगाड्यात या फरकाने फारसे काही हलले नाही. पाटीलकी, कुलकर्ण, मुलाण्याचे बलुते यांचे तंटे गोतसभेत किंवा मजलिशीत चालत. तिथे काजीबरोबर हवालदार, देशमुख, देशपांडे, पाटील आणि बारा बलुते बसत. साक्षी होत, क्वचित दिव्य होई आणि मराठीत महजर (निवाडपत्र) लिहून त्यावर काजीचा शिक्का आणि पाटलाची नांगराची निशाणी उमटे. काजीपण हेसुद्धा वतनच. सुलतानाने पंथ बदलला म्हणून परगण्याचा काजी बदलत नसे. याच राज्याच्या मुलखात पैठणला एकनाथ होते. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे सूफी आणि भागवत दोन्ही परंपरांत वावरणारे कवी, आणि निजामशाहीचे सरदार मालोजी भोसले त्यांचे शिष्य होते, अशी परंपरा आहे. किल्ल्यातला वाद त्यांच्या कीर्तनापर्यंत पोहोचला होता असे दिसत नाही.

परराष्ट्र व्यवहारात शिया पंथाचा हिशेब सरळ होता. उत्तरेला गुजरात आणि खानदेश, पुढे मोगल, दक्षिणेला विजापूर. बहुतेक मोठे किंवा तुल्यबळ. इराणचा शाह तहमास्प एकाच पंथाचा म्हणून मित्र झाला. वकील आले-गेले, नजराणे आले आणि शाह ताहिरचा मुलगा शाह हैदर इराणी दरबारात जाऊन आला. प्रतिष्ठा मिळाली, विद्वान आणि शिपाई मिळाले. फौज कधीच आली नाही, येणारही नव्हती. जवळच्या भांडणात तर पंथाचा उपयोग शून्य. बुऱ्हानचे लग्न विजापूरच्या बीबी मरियमशी झाले, त्यात सोलापूरचा किल्ला आंदण ठरला की नाही यावर चाळीस वर्षे लढाया झाल्या. १५५८ मध्ये विजापूरचा अली आदिलशाह शिया झाला आणि लगेच विजयनगरच्या रामरायाशी हात मिळवून शिया नगरवर चालून आला. पुढे बुऱ्हाननंतरचा सुलतान हुसेन निजामशाह याची मुलगी चांदबीबी अलीला दिली, सोलापूर तिच्या आंदणात गेले, आणि १५६५ मध्ये हेच दोघे रामरायाविरुद्ध तालिकोटला एकत्र उभे राहिले. सोयरीक आणि किल्ला यांनी जे साधले ते इमामांच्या नावाने साधले नव्हते.

आतली तेढ १५८८–८९ मध्ये फुटली. मुर्तजा निजामशाहाला त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने मारले. मीरानला मिर्झाखान या आफाकी वजिराने मारले. तेव्हा जमालखान या महदवी सरदाराच्या मागे दखनी आणि हबशी शिपाई व शहरातला जमाव उठला, किल्ल्याचे दरवाजे जाळले गेले आणि परदेश्यांची कत्तल झाली. फिरिश्ता तेव्हा नगरातच चाकरीला होता. तो निसटून विजापूरला गेला आणि त्याने आपला इतिहास तिथे लिहिला. महदवी म्हणजे जौनपूरच्या सय्यद महंमदाचे (१४४३–१५०५) अनुयायी. त्याने स्वतःला शेवटच्या काळी येणारा महदी घोषित केले होते. त्याचे लोक दायरे (सामायिक वस्त्या) करून राहत, मिळेल ते वाटून खात, आणि संपत्ती साठवणाऱ्या मुल्लांवर टीका करीत. पगार थकलेल्या शिपायाला हे पटण्यासारखे होते. जमालखानाने इस्माईल या पोराच्या नावाने कारभार हाती घेतला आणि इमामांच्या नावाचा खुत्बा बंद केला. त्याने विजापूरच्या फौजेलाही हरवले. परंतु इस्माईलचा बाप, पुढचा बुऱ्हान (दुसरा), अकबराच्या दरबारी आश्रयाला होता. तो खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेऊन आला. १५९१ मध्ये रोहिणखेडच्या लढाईत जमालखान गोळी लागून पडला. बुऱ्हान गादीवर आला, महदवींना मारले किंवा हाकलले गेले आणि शिया खुत्बा पुन्हा सुरू झाला.

मोगलांच्या आश्रयाने गादी मिळवणाऱ्या बुऱ्हानने अकबराचे मांडलिकत्व मानले नाही. अकबराने वकील म्हणून धाडलेला कवी फैजी रिकाम्या हाताने परतला. १५९५ मध्ये बुऱ्हान वारला आणि दरबारात चार तट पडून चार दावेदार उभे राहिले. त्यांतल्या एका तटाचा प्रमुख मियाँ मंजू याने मोगलांना स्वतःहून बोलावले. विधवा होऊन माहेरी आलेल्या चांदबीबीने किल्ला लढवला, १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. १६०० मध्ये तिला तिच्याच लोकांनी मारले आणि किल्ला पडला. त्यानंतर मलिक अंबरने १६२६ पर्यंत राज्य टिकवले ते हबशी, दखनी आणि मराठे यांच्या बळावर, जमीनमहसुलाची घडी बसवून. पंथाचा प्रश्न त्याच्या राजकारणात मागे पडलेला दिसतो. शेवटचा प्रयत्न शहाजीराजांचा. त्यांनी १६३३ च्या सुमारास संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. १६३६ मध्ये शाहजहान आणि विजापूर यांनी मुलूख वाटून घेतला. त्याच वर्षी गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशाहाकडून शाहजहानने लिहून घेतले की खुत्ब्यातून बारा इमामांची आणि इराणच्या शाहाची नावे काढावीत आणि चार खलिफांची व मोगल बादशाहाची घालावीत. दख्खनमधल्या शिया राज्यांचा इराणशी असलेला संबंध मोगलांना किती बोचत होता, हे या अटीवरून दिसते.

निजामशाही गेल्यावर नगरमध्ये शिया हा राजपंथ उरला नाही. नगरचे बहुतेक मुसलमान आज सुन्नी आहेत, पण मोहरमचा सोहळा शहराचाच राहिला. कत्तलच्या रात्री निघणाऱ्या इमामांच्या सवाऱ्यांना हिंदू घरांतूनही नवस बोलले जातात. (राज्य सरकारने २०२४ मध्ये शहर व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर केले.) शाह ताहिरचा वंश दख्खनमध्येच राहिला. सीरियातले मुहंमदशाही इस्माइली पुढे कितीतरी पिढ्या आपल्या इमामाशी दख्खनमध्ये पत्रव्यवहार ठेवून होते. त्या वंशातल्या अमीर महंमद बाकिरशी त्यांचा १७९६ मध्ये शेवटचा संपर्क झाला. नंतर बराच काळ शोध घेऊनही इमाम सापडला नाही, तेव्हा १८८७ मध्ये त्यांतल्या बहुतेकांनी आगाखानांना इमाम मानले.