निश्चयाची रेघ

‘दिवस गेले’ या शब्दांतच गर्भ ओळखण्याची जुनी रीत आहे: मोजायचे आणि वाट पाहायची. १९२८च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम व झोंडेक यांनी बाईची लघवी उंदरिणीला टोचून ही वाट कमी केली. त्यासाठी उंदरीण मारून तिचे बीजकोश तपासावे लागत.

आपल्याकडे याहून वाईट प्रकार चालला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची जबर मात्रा बाईला द्यायची. रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, न झाल्यास आहे. ज्या गर्भाचा शोध घ्यायचा, त्यालाच धोका! स्त्री-संघटना लढल्या, तेव्हा कुठे १९८८ साली या औषधांवर बंदी आली.

२००५मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ नावाची पट्टी आली. यावल, चोपडा, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत तपासणी पोहोचण्याची वाट तिने उघडली. नाव मात्र पट्टीपेक्षा धीट आहे. दोन रेघांवर सहसा भरवसा ठेवता येतो, लवकर दिसलेल्या एका रेघेवर नाही. गर्भ रुजल्यावर लघवीत उतरणारे एचसीजी सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. पाळी चुकण्याआधी तपासले तर ते पट्टीला सापडेलच असे नाही. म्हणून सकाळची पहिली लघवी घ्यायची, आणि पाळी आलीच नाही तर आठवड्याने पुन्हा तपासायचे.

चाळीसगाव तालुक्यातून ऊसतोडीला निघालेली बाई आठवड्याने दुसऱ्याच जिल्ह्यातल्या फडावर असते. तिच्या गावची आशा तिथे नसते.