बार्शी लाइट रेल्वे

बार्शी लाइट रेल्वे : महाराष्ट्रातील सांगली, सोलापूर, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व लातूर या जिल्ह्यांतून गेलेला भूतपूर्व अरुंदमापी लोहमार्ग. रुळांतील अंतर ७६२ मिमी. (२ फुट ६ इंच). १८९७ मध्ये कुर्डुवाडी (त्या वेळचे बार्शी रोड स्थानक) ते बार्शी या सु. ३५ किमी. मार्गाने त्याचा आरंभ झाला आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंतचा फाटा पूर्ण झाल्यावर त्याची एकूण लांबी ३२५ किमी. (२०२ मैल) झाली. हलके रूळ, कमी भांडवल आणि तरीही भरपूर वहनक्षमता हे या मार्गाचे वैशिष्ट्य होते व त्यामुळे तो अरुंदमापी रेल्वेच्या इतिहासात आदर्श नमुना म्हणून ओळखला जातो. १ जानेवारी १९५४ रोजी तो भारत सरकारने ताब्यात घेतला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे क्रमाक्रमाने रुंदमापी मार्गात रूपांतर करण्यात आले.

पार्श्वभूमी : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयीकडे जाणारा मुख्य मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. हा मार्ग बार्शी शहराला न स्पर्शता बऱ्याच अंतरावरून गेला. बार्शी ही सोलापूर जिल्ह्यातील मोठी बाजारपेठ. बालाघाटाच्या पलीकडील, त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये व इतर शेतमाल येथे उतरत असे. येथून पुढे स्थानकापर्यंतचा प्रवास बैलगाड्यांनी होई. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील गाडीवाटा चिखलाने बंद पडत आणि माल आठवडेच्या आठवडे अडून राही. याउलट दुष्काळात बाहेरून धान्य आणण्यास याच वाटा अपुऱ्या पडत. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याला या उणिवेची मोठी किंमत मोजावी लागली. मुख्य मार्गापासून फाटे काढल्याखेरीज अशा प्रदेशाला रेल्वेचा लाभ मिळणार नाही, हे उघड होते. परंतु विरळ वाहतुकीच्या मुलखात रुंदमापी फाट्याचा खर्च परवडणारा नव्हता.

कॅलथ्रॉप यांची योजना : हा प्रश्न एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने हाती घेतला. इंग्लंडमधील एंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करून ते १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत आले. नोकरीत असतानाच त्यांनी हलक्या फाट्यांच्या शक्यतेची पाहणी केली आणि बार्शीचा मार्ग निवडला. परवानगी व भांडवल मिळविण्यात बरीच वर्षे गेली. अखेर १८९५ मध्ये लंडन येथे बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली व कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता झाले.

त्यांच्या योजनेचे मूळ सूत्र आसभाराच्या समानतेचे होते. कोणत्याही लोहमार्गावर रूळ, शिळेपाट व पूल किती भक्कम हवेत हे गाडीतील सर्वांत जड आसावरून ठरते. सामान्यतः हा आस एंजिनाचा असतो. वाघिणींचे आस त्यामानाने हलके असल्याने एंजिनासाठी बांधलेल्या मार्गाची ताकद उरलेल्या गाडीला वाया जाते. कॅलथ्रॉप यांनी एंजिन, वाघिणी व डबे या सर्वांसाठी प्रत्येक आसामागे ५ टन ही एकच कमाल मर्यादा ठरविली. त्यामुळे यार्डाला ३० पौंड (मीटरला सु. १५ किग्रॅ.) वजनाचे हलके रूळ पुरेसे ठरले. एंजिनाचे वजन अनेक चाकांवर विभागण्यासाठी लीड्सच्या किट्सन कंपनीकडून ०–८–४ चक्ररचनेची टाकीयुक्त एंजिने तयार करवून घेण्यात आली. वाघिणी सु. ७.६ मी. (२५ फुट) लांबीच्या आणि दोन बोगींवर बसविलेल्या होत्या. त्यांचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्यांचे असल्याने रिकाम्या वाघिणीचे वजन कमी राहिले व चार आसांच्या २० टनांच्या मर्यादेतील मोठा हिस्सा मालाच्या वाट्याला आला. गाड्या हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे तात्पुरता मार्ग बांधून त्यांची प्रात्यक्षिके घेण्यात आली. रेल्वे अभियंत्यांचे लक्ष या प्रयोगाकडे वेधले गेले.

बार्शीच्या अनुभवाचा उपयोग पुढे इतरत्र झाला. वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस रेल्वेची १८९८ मध्ये याच मापाने पुनर्बांधणी झाली, तर इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे (१९०४–३४) कॅलथ्रॉप यांच्याच देखरेखीखाली उभारण्यात आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वैमानिकांसाठी हवाई छत्रीही तयार केली.

विस्तार : कुर्डुवाडी–बार्शी मार्ग १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. दख्खन त्या वेळी पुन्हा दुष्काळाच्या छायेत होते. पुढील विस्तार दोन दिशांना झाला. पूर्वेकडे हा मार्ग टप्प्याटप्प्याने हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत शिरला व येडशीजवळच्या डोंगराळ भागातून बालाघाटावर चढून १९०७ पर्यंत तडवळे येथे पोहोचला. तेथून तो १९११ मध्ये लातूरपर्यंत नेण्यात आला. पश्चिमेकडे कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरपर्यंतचा फाटा १९०६ मध्ये सुरू झाला. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला व कवठे महांकाळ यांच्या बाजूने मार्ग मिरजेस जाऊन मिळाला. याच वर्षी कॅलथ्रॉप यांचा मृत्यू झाला.

लातूरला रेल्वे आल्याने तेथील व्यापाराचे स्वरूप पालटले. पूर्वी बार्शीला जाणारा बराच माल आता लातूरच्या पेठेतच उतरू लागला. कापूस, भुईमूग, करडई, तूर, हरभरा व ज्वारी यांच्या व्यवहारामुळे हे गाव मराठवाड्यातील प्रमुख बाजारपेठ बनले. बार्शीच्या व्यापाऱ्यांसाठी सुरू झालेल्या मार्गानेच बार्शीला प्रतिस्पर्धी निर्माण केला, असे म्हणता येते.

पंढरपूर फाट्याचे महत्त्व वेगळे होते. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या यात्रांना येणारा मोठा वर्ग पायी दिंड्यांनी येत असला, तरी परतीच्या प्रवासासाठी, तसेच एरवीच्या दर्शनासाठी आगगाडीचा वापर वाढत गेला. मिरजेचा दुवा जोडला गेल्यावर कोल्हापूर, बेळगाव व उत्तर कर्नाटकातील भाविकांनाही ती सोयीची झाली. एरवी तुरळक प्रवासी नेणाऱ्या मार्गावर यात्रेच्या चार-आठ दिवसांत प्रचंड गर्दी लोटत असे. तिच्यासाठी जादा गाड्या सोडणे, स्थानकावर तात्पुरते निवारे उभारणे आणि पटकीसारख्या साथींच्या भीतीने आरोग्याची व्यवस्था ठेवणे, ही कामे रेल्वे व जिल्हा प्रशासन यांना दरवर्षी करावी लागत.

वाहतुकीची पद्धती : कुर्डुवाडी हे या जाळ्याचे केंद्र होते. अरुंदमापी मार्गाच्या पूर्व व पश्चिम शाखा येथे एकत्र येत आणि येथेच रुंदमापी (१,६७६ मिमी.) मुख्य मार्गाशी त्यांचा संबंध येई. एंजिने व डब्यांच्या दुरुस्तीचा कारखानाही येथे होता. अरुंदमापी मार्ग बंद झाल्यानंतरही तो रेल्वेच्या इतर कामांसाठी चालू राहिला. मिरज येथे बार्शी रेल्वेची गाठ मीटरमापी मार्गाशी पडत असे. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग रुंदमापी झाल्यावर काही काळ मिरज स्थानकात तिन्ही मापांचे रूळ होते.

मापांतील या फरकामुळे बाहेर जाणारा प्रत्येक डाग एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे. कापसाच्या गाठी, धान्याची व तेलबियांची पोती हमालांच्या पाठीवरून फलाट ओलांडत. मालाची ही चढउतार बांधकामात वाचणाऱ्या भांडवलाच्या मानाने स्वस्त पडते, असे अरुंदमापीच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन होते आणि बैलगाडी हाच दुसरा पर्याय असेपर्यंत ते बरोबरही होते. मात्र या कामात लागणारा वेळ, मालाची तूटफूट आणि मुख्य मार्गावर रिकाम्या वाघिणी मिळेपर्यंत करावी लागणारी प्रतीक्षा यांचा भार अखेर शेतमालाच्या भावावर पडत असे.

सरकारीकरण व कामगारांचा दावा : १९५१ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला व निजाम स्टेट रेल्वे यांसह मध्य रेल्वेची रचना झाली, तेव्हा बार्शी लाइट रेल्वे खाजगी कंपनीकडेच होती. करारातील तरतुदीनुसार सरकारने ती खरेदी करण्याचे ठरविले. त्याप्रमाणे कंपनीने १९५३ च्या अखेरीपासून सर्व कामगारांची सेवा संपुष्टात येत असल्याची नोटीस दिली. सरकारने यांतील बहुसंख्य कामगारांना पुन्हा नोकरीत घेतले. तथापि कंपनीने आपली सेवा समाप्त केली ही कामगारकपातच होय व म्हणून औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे नुकसानभरपाई मिळाली पाहिजे, असा कामगारांचा दावा होता.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने कपात या संज्ञेचा अर्थ मर्यादित केला. चालू असलेल्या धंद्यात अतिरिक्त ठरलेल्या कामगारांना कमी करणे म्हणजे कपात. धंदा खरोखर बंद झाल्याने किंवा त्याची मालकी दुसऱ्याकडे गेल्याने सर्वांचीच सेवा संपणे ही कपात नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. बार्शी रेल्वेच्या कामगारांचा दावा त्यामुळे फेटाळला गेला. परंतु या निर्णयाने कायद्यातील उणीव स्पष्ट झाली. १९५७ मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती करून उद्योगाचे हस्तांतरण अथवा बंद होणे या प्रसंगीही कामगारांना भरपाई देण्याची तरतूद केली. या तरतुदीला निर्णयानंतरच्या काळापुरताच पूर्वलक्षी प्रभाव देण्यात आला. ज्यांच्या दाव्यामुळे हा बदल घडला, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. भारतीय कामगारविषयक कायद्याच्या इतिहासात या छोट्या रेल्वेचे नाव अशा रीतीने कायमचे नोंदले गेले.

ऱ्हास व रूपांतर : स्वातंत्र्योत्तर काळात रस्ते सुधारले. राज्य परिवहनाच्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या व मालमोटारी शेतमाल थेट मुंबई, पुणे व हैदराबाद येथे नेऊ लागल्या. मालाची दुबार चढउतार आणि मंद गती यांमुळे अरुंदमापी मार्ग या स्पर्धेत मागे पडला. वाफेच्या एंजिनांची जागा डीझेल एंजिनांनी घेतली, तरी मूळ अडचण मापाची असल्याने परिस्थितीत फारसा फरक पडला नाही. ज्या काटकसरीमुळे या प्रदेशात रेल्वे येऊ शकली, तीच पुढे या प्रदेशाला देशाच्या मुख्य जाळ्यापासून वेगळे ठेवणारी ठरली. लातूर, बार्शी व पंढरपूर येथून मार्ग रुंद करण्याची मागणी अनेक वर्षे होत राहिली.

सर्व मार्ग शक्यतो एकाच मापाचे करण्याचे धोरण भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये स्वीकारल्यानंतर या मागणीला गती मिळाली. प्रथम कुर्डुवाडी–पंढरपूर विभागाचे रूपांतर एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले. लातूर–उस्मानाबाद विभाग सप्टेंबर २००७ मध्ये व उस्मानाबाद–कुर्डुवाडी विभाग ऑक्टोबर २००८ मध्ये रुंदमापी होऊन सुरू झाला. जुना मार्ग उस्मानाबाद शहराला टाळून जात असे. नव्या आखणीत वळण घेऊन हे जिल्ह्याचे ठिकाण रेल्वेने जोडण्यात आले. पंढरपूर–मिरज विभागावरील अरुंदमापी वाहतूक २००८ मध्ये थांबली व २०१०–११ च्या सुमारास तेथेही रुंदमापी गाड्या धावू लागल्या.

या रूपांतराचे मोल २०१६ च्या उन्हाळ्यात प्रत्ययास आले. लागोपाठच्या अवर्षणांमुळे लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरज येथे कृष्णेचे पाणी भरलेली गाडी पंढरपूर व कुर्डुवाडी या मार्गाने लातूरला पाठविण्यात आली. १० वाघिणींतून सु. ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचली. पुढे ५० वाघिणींची गाडी प्रत्येक खेपेस सु. २५ लाख लिटर पाणी नेऊ लागली व पावसाळ्यापर्यंत हा पुरवठा चालू राहिला. मिरज ते लातूर ही वाट बार्शी लाइट रेल्वेने १८९७ ते १९२७ या काळात जोडलेलीच होती. मात्र रुंदमापी टाकीवाघिणी तीवरून नेणे माप बदलल्यामुळेच शक्य झाले. दुष्काळात वाट नसलेल्या मुलखासाठी सुरू झालेला हा मार्ग सु. १२० वर्षांनंतरही त्याच कामी आला. त्याचे मूळ रूळ व एंजिने आज वापरात नाहीत. परंतु कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर व मिरज यांना सांधणारी त्याची दिशा नव्या मार्गाने बव्हंशी कायम ठेवली आहे.