पोलिसांची बंदूक आणि तिचें शिक्षण

मी जन्मभर खेड्यांतल्या शाळेंत इतिहास-भूगोल शिकविणारा एक सामान्य मास्तर. मॅट्रिकपलीकडे माझी विद्या गेली नाहीं, आणि बंदूक तर मीं हातीं कधींच धरिली नाहीं. तेव्हां पोलिसांच्या गोळीबाराविषयीं बोलण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारील तर तें रास्तच होईल. माझें उत्तर एवढेंच कीं, ३५ वर्षें माझ्या हातीं छडी होती.

नोकरीच्या पहिल्याच वर्षीं एके दुपारीं वर्गांत गलका झाला. कोणी माझें ऐकेना. आपला दरारा आतां जातो, या भयानें मीं समोर सांपडला त्या मुलावर छडी ओढली. त्या गलक्याशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता, हें मागाहून कळलें. छडी कशी मारावी हें शिकण्याची गरज नसते. ती केव्हां मारूं नये हें शिकावें लागतें, आणि तें मला कोणी शिकविलें नव्हतें. छडीचा वळ चार दिवसांत जातो. बंदुकीची चूक मात्र दुरुस्त होत नाहीं. म्हणून हा विषय आज आपणांपुढें मांडावा असें वाटलें.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. सर रॉबर्ट पील या एकाच गृहस्थाच्या हातून दोन तऱ्हेचीं पोलीसदलें जन्मास आलीं. आयर्लंडच्या कारभारांत असतां १८१४ सालीं त्यानें तेथें शांततारक्षणासाठीं जें दल उभारिलें, तें हत्यारबंद होतें. पुढें त्याच वळणावर तेथील बराकींत राहणारें सशस्त्र पोलीसदल वाढलें. तोच पील इंग्लंडचा गृहमंत्री झाल्यावर १८२९ सालीं त्यानें लंडन शहरासाठीं नवे पोलीस नेमिले. सप्टेंबरच्या २९ तारखेस ते प्रथम गस्तीस निघाले, तेव्हां त्यांच्यापाशीं एक लांकडी दंडुका आणि मदतीस हांक देण्यासाठीं एक खुळखुळा एवढेंच साहित्य होतें. अंगांतला कोटहि निळा. लष्कराचा लाल रंग मुद्दाम टाळलेला. ज्या लोकांच्या संमतीनें राज्य चालवावयाचें तेथें दंडुका, आणि ज्यांना धाकांत ठेवावयाचें तेथें बंदूक, असा हा भेद होता.

आपल्या देशांत यांपैकीं कोणतें वळण आलें असेल, हें सांगावयास नकोच. १८४३ सालीं सर चार्लस् नेपियरनें सिंध प्रांत जिंकिला आणि तेथें आयर्लंडच्या धर्तीवर पोलीस उभे केले. ही घडी मुंबई सरकारला पसंत पडली व १८५३ पासून या इलाख्यांतील पोलिसांची रचना तिच्या आधारें बदलली. नंतर सत्तावनचा उठाव झाला, १८६० सालीं कमिशन बसलें, आणि १८६१ च्या पांचव्या कायद्यानें तेंच वळण बहुतेक सर्व हिंदुस्थानास लागलें. त्या कायद्याला शिस्त हवी होती, हुकुमाची तामिली हवी होती. लोकांचा विश्वास हवा, असें त्याला फारसें वाटलें नाहीं.

शिक्षणाकडे लक्ष गेलें तें पुढें बऱ्याच काळानें. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत १९०२-०३ सालीं फ्रेझर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं जें कमिशन बसलें, त्यानें पोलिसांच्या शिक्षणांतील उणीवांवर स्पष्ट बोट ठेविलें. त्यानंतर १९०६ सालीं पुण्याजवळ भांबुर्डें येथें, म्हणजे आजच्या शिवाजीनगरांत, पोलीस अधिकाऱ्यांची शाळा निघाली. ती १९०९ मध्यें नाशिकास गेली. आज तीच महाराष्ट्र पोलीस अकादमी म्हणून प्रसिद्ध आहे.

कोणी म्हणेल, कायद्यांतच दोष असेल. पण तसें म्हणतां येत नाहीं. १८९८ च्या फौजदारी कायद्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, अटक करितांना, ज्या गुन्ह्यास फांशी किंवा जन्मठेप काळें पाणी सांगितलेलें नाहीं अशा गुन्ह्याच्या आरोपीचा जीव घेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. जमाव पांगवावयाचा तर आधीं पांगण्याचा हुकूम द्यावा, मग बळ वापरावें. आणि लष्कर बोलवावें लागलें तर त्यानेंहि शक्य तितकें कमी बळ वापरावें व शक्य तितकी कमी इजा करावी, असें त्या कायद्याचें सांगणें होतें. १९७३ च्या कायद्यानें हीं तत्त्वें राखिलीं, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेनेंहि तीं टाकलीं नाहींत.

तरीहि १३ एप्रिल १९१९ चा जालियनवाला बाग घडलाच. तेथें गोळी झाडणारे शिपाई लष्कराचे होते, पोलीस नव्हते. तथापि त्या प्रकरणाच्या चौकशींत जो प्रश्न निघाला तो प्रत्येक बंदूकधाऱ्यास लागू आहे. जनरल डायरनें सूचना न देतां १६५० गोळ्या झाडविल्या. सरकारी आंकड्याप्रमाणेंच ३७९ माणसें मेलीं. हंटर कमिटीपुढें मुंबईचे नामांकित वकील सर चिमणलाल सेटलवाड यांनीं त्याची उलटतपासणी घेतली. गोळीबारावांचूनहि जमाव कदाचित् पांगला असता, हें डायरनें कबूल केलें. पण लोक परत येऊन आपणांस हंसले असते, असें त्याचें म्हणणें होतें. श्रोतेहो, ही माझ्या छडीचीच गोष्ट आहे. समोरचा धोका टाळण्यासाठीं नव्हे, तर आपला दरारा राखण्यासाठीं शस्त्र चाललें.

डायर परका होता, असें म्हणून आपणांस सुटतां येईल काय? २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं मुंबईंत फ्लोरा फाउंटनजवळ आणि पुन्हां १९५६ च्या जानेवारींत शहरांत ठिकठिकाणीं ज्या गोळ्या सुटल्या, त्या स्वराज्याच्या पोलिसांच्या होत्या. संयुक्त महाराष्ट्राचे १०५ हुतात्मे हा शब्द त्यांतून रूढ झाला. पुढें यादींत आणखी नांवें आलीं. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत डॉ. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारांत १० जण मृत्यु पावले. न्यायमूर्ति गुंडेवार यांच्या चौकशींत तो गोळीबार असमर्थनीय ठरला, आणि २००९ सालीं सत्र न्यायालयानें हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास दोषी ठरविलें.

त्याच दशकांत मुंबईंत चकमकींतले मृत्यु वाढले. त्यांविषयींचा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि २३ सप्टेंबर २०१४ रोजीं न्यायालयानें १६ नियम घालून दिले. चकमकींत मृत्यु आला कीं गुन्ह्याची नोंद झाली पाहिजे. तपास दुसऱ्या ठाण्याच्या किंवा गुन्हे अन्वेषण विभागाच्या पथकानें केला पाहिजे. दंडाधिकाऱ्याची चौकशी झाली पाहिजे. आणि चकमकीच्या पाठोपाठ बढती किंवा शौर्यपदक देऊं नये. हा शेवटचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या कृत्याबद्दल वर्गांत लगेच शाबासकी मिळते, तें मुलें पुन्हां करितात.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर पोलिसांवर अन्याय होईल. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं गिरगांव चौपाटीवर हवालदारीपासून वर चढलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे काठीनिशीं उभे होते. त्यांनीं कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनीं धरून ठेविली व त्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्याच ठिकाणीं पोलिसांच्या गोळीनें दुसरा हल्लेखोर पडला, आणि तीहि गोळी योग्यच होती. कारण समोर प्रत्यक्ष मृत्यु उभा होता. पण कसाब जिवंत हातीं लागला, म्हणूनच कटाचा उलगडा न्यायालयांत होऊं शकला. तेव्हां बंदूक मुळींच नको, असें माझें म्हणणें नाहीं. शिपायाला चांगलें शस्त्र द्यावें, चांगलें चिलखत द्यावें. आणि त्याबरोबर विवेकाची तालीमहि द्यावी.

ही तालीम कशी असावी, हें जगानें ठरविलेलें आहे. १९९० सालीं हवाना येथें संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनें जीं तत्त्वें मान्य केलीं, त्यांत प्राण किंवा गंभीर इजा यांचा धोका अगदीं जवळ आला असेल तरच शस्त्र वापरावें, शक्य तेथें आधीं इशारा द्यावा, आणि पोलिसांना जमावाचा स्वभाव ओळखणें, समजूत घालणें व वाटाघाट करणें हेंहि शिकवावें, असें सांगितलें आहे.

माझा एक विद्यार्थी पोलिसांत शिपाई आहे. गेल्या गुरुपौर्णिमेस तो भेटावयास आला होता. मीं त्याला हा प्रश्न केला. तो म्हणाला, "गुरुजी, बंदूक खांद्याला कशी लावायची हें आम्हांला इतक्या वेळां शिकवलें, कीं झोपेंतहि हात चुकणार नाहीं. खालीं केव्हां ठेवायची याचें एक व्याख्यान झालें. पण दगड अंगावर येऊं लागले म्हणजे व्याख्यान कुठलें आठवतंय?"

त्याचें खरें आहे. भयाच्या क्षणीं माणसाला ऐकलेलें आठवत नाहीं. घटवलेलें तेवढें आठवतें. पाढे आम्ही मुलांकडून याचसाठीं घोकून घेत होतों. थांबण्याचाहि असाच सराव मैदानावर, खोट्या जमावापुढें, पुन्हां पुन्हां झाला पाहिजे. येत्या गणेशोत्सवांत तो कोठें तरी बंदोबस्तावर उभा असेल. त्याच्या समोरच्या गर्दींतहि माझेच विद्यार्थी असतील. दोघेहि घरीं सुखरूप यावेत, एवढीच या वृद्ध मास्तराची इच्छा आहे.